तिसऱ्या सिटिंगचा फोटो

७ जानेवारी

चिंगे,

आशीर्वाद वगैरे मागाहून. आधी हे सांग, उन्हात जाताना तोंडाला ते क्रीम लावतेस की नाही? सुया टोचलेली कातडी बरेच महिने उन्हापासून जपायची असते, हे तुला तीनदा सांगितलं होतं आणि तू तीनदा ‘हो ग’ म्हणाली होतीस. तुझं ‘हो ग’ मला चांगलं माहीत आहे.

पत्ता मावशीने दिला. आधी बरेच आढेवेढे घेतले, मग “माझं नाव सांगू नकोस बाई” म्हणून कागदावर लिहून दिला. म्हणजे तू तिला बजावून ठेवलं होतंस. सख्ख्या बहिणीला पत्ता द्यायचा नाही, असं मी तुझं काय घोडं मारलंय? दोन महिने झाले. सकाळी उठून बघते तर टेबलावर चिठ्ठी: “बाहेरगावी काम मिळालंय. जाते. कारखान्याची किल्ली खुंटीला आहे.” बस्स. साखर संपली तरी तू याहून जास्त लिहायचीस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

बाबांचा फर्निचरचा कारखाना तसाच बंद आहे. परवा आत जाऊन आले. तू अर्धवट पॉलिश केलेलं कपाट उभं आहे, एक दार चमकतंय, दुसऱ्यावर धूळ. कपाटवाले काका दोनदा येऊन गेले. मी सांगितलं, पॉलिशवाली पळून गेली.

दवाखान्यात तेच रोजचं. आज सहा चेहऱ्यांचे फोटो काढले, चार जणांना भुलीचं मलम लावून बसवलं, दोघांना सुया टोचल्या. एक जण सुई लागायच्या आधीच ओरडला. पंधरा वर्षं झाली, अजून गंमत वाटते, मिशीवाले जास्त ओरडतात. डॉक्टरबाई तुझी चौकशी करतात. “तीन सिटिंग झाल्यावर कोणी सोडतं का? कातडीला वेळ द्यावा लागतो,” असं म्हणाल्या. मी म्हटलं, तिला फरक पडला नाही म्हणून ती कंटाळली. माझ्या आठ सिटिंग झाल्या, मी कंटाळले का? माझ्या गालांवर तर खड्डे होते तिथेच राहिले आणि वर काळे डाग आले. तरी मी आहेच ना इथे, रोज दुसऱ्यांचे चेहरे सुधारत.

तू का गेलीस ते मला खरंच कळलेलं नाही. कळवलंस तर बरं होईल.

तुझी ताई


२ फेब्रुवारी

चिंगे,

उत्तर नाही. ठीक आहे. मला लिहायला तुझं उत्तर लागतं असं नाही.

काल कपाट आवरताना आपल्या दोघींचा जुना फोटो सापडला. तू नववीत, मी कॉलेजात. दोघींच्या गालांवर मुरुमांची नुसती गर्दी. शाळेतली मुलं आपल्याला मोठी चाळणी आणि धाकटी चाळणी म्हणायची, आठवतं? तू घरी येऊन दप्तर फेकायचीस आणि रडायचीस. मी नाही रडायची. तुझ्याआधी चार वर्षं मी एकटीच चाळणी होते. चार वर्षं एकटीने काढल्यावर कोणी सोबतीला आलं की बरंच वाटतं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. लहानपणचं आहे, मनावर घेऊ नकोस.

केसांच्या पिनेचं गोल टोक दाबून मुरूम कसं फोडायचं ते तुला मीच दाखवलं होतं. न्हाणीघरातल्या आरशासमोर, तुला पाटावर उभं करून. आता दवाखान्यात आईबापांना मी दिवसातून दहादा सांगते, मुलांना फोडू देऊ नका, आतली जखम भरताना वरच्या कातडीला खाली ओढून धरते आणि तिथे कायमचा खड्डा राहतो. तेव्हा मला काय माहीत होतं? अगदीच माहीत नव्हतं असंही नाही म्हणा. माझ्या गालांवर खड्डे पडलेले मला रोज दिसतच होते. असो.

मावशीची मुलगी आली की आपण दोघी कशा एका कोपऱ्यात बसायचो! तिचे ते लोण्यासारखे गाल. ती पाणी प्यायला उठली की आपण तिची नक्कल करायचो, मान तिरकी करून, गालावर बोट ठेवून. तू हसून हसून लोळायचीस. मला ती मुलगी कधी डोळ्यांत खुपली नाही, कारण तू होतीस. दोघी असलो की सगळं चालून जायचं. लग्नाला जायचं, दोघी मागच्या रांगेत. फोटो काढायचा, दोघी कडेला. औषधवाल्याकडे जायचं, दोघींना एकच ट्यूब.

बाबा एकदा आपल्याला आरशासमोर बघून म्हणाले होते, “या आरशाचा दिवा बाजूला लावलाय, म्हणून तुम्हाला असं दिसतं. दिवा समोर आणा, दोघी सुंदर दिसाल.” टेबलाचा पृष्ठभाग तपासताना ते दिवा असाच आडवा धरायचे ना? समोरून बघितलं तर गुळगुळीत, आडव्या दिव्यात प्रत्येक खळगा उठून दिसायचा. तू त्यांच्या हाताखाली ते सगळं शिकलीस. मी लाकडाच्या वाटेला गेले नाही. पण ते दिव्याचं मात्र माझ्या लक्षात राहिलं.

तिथे कोणाकडे काम करतेस? खोली कशी आहे? स्वतः जेवण करतेस की बाहेर खातेस?

ताई


२३ फेब्रुवारी

चिंगे,

मावशीला तू आठवड्यातून दोनदा फोन करतेस हे आज कळलं. बोलता बोलता तिच्या तोंडून निसटलं. आठवड्यातून दोनदा! आणि मी इथे पोस्टमनच्या सायकलकडे डोळे लावून बसलेय.

आणखीही बरंच निसटलं. तू एका नर्सबाईच्या घरी खोली घेतली आहेस. ती तुला डबा करून देते. तुला ताप आला तेव्हा ती दोन दिवस रजा काढून बसली. आणि तू तिला ‘ताई’ म्हणतेस. मावशी तर किती कौतुकाने सांगत होती, “अग, तिथली ताई तिला फार जीव लावते हो.” तिथली ताई! म्हणजे मी आता इथली ताई झाले. दोन शाखा उघडल्यात का तू?

ताप आला होता हे मला परक्या तोंडून कळावं? लहानपणी तुला ताप आला की माझ्याशिवाय कोणाच्या हातून औषध घ्यायची नाहीस. दात घट्ट मिटून बसायचीस. आईसुद्धा हरायची. आता ती नर्स चमचा पुढे करते आणि तू गुमान तोंड उघडतेस ना?

तिचा चेहरा कसा आहे ग? गुळगुळीत असणार. नर्सा अशाच असतात, टापटीप, केस मागे घट्ट बांधलेले, गाल स्वच्छ. तुझ्याकडे बघून तिला दया आली असेल. अशी दया फार सोपी असते. मोठी चाळणी म्हणवून घेत तुझ्या शेजारी कोण उभं होतं ते तिला विचार. तुझ्या पहिल्या सिटिंगला, डॉक्टरबाई कातडीच्या आतले ते ओढून धरणारे धागे सुईने सोडवत होत्या तेव्हा, तू कोणाचा हात धरला होतास? माझ्या मनगटावर तुझ्या नखांचे वण आठ दिवस होते. ते मी कोणाला दाखवत फिरले नाही.

जळतेय, हो. लिहूनच टाकते. माझ्या अंगाची आग होतेय. तू दुसरं गाव धर, दुसरं काम धर, पण दुसरी ताई कशाला धरायची? ती एकच असते.

यापुढे मी लिहिणार नाही. तुझी तिथली ताई घालेल तुला पत्रं.


२४ फेब्रुवारी

चिंगे,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि लगेच हात आत घालून बघितलं, निघतं का. मनगट अडकलं. मागे रांगेत एक आजोबा उभे होते, ते म्हणाले, “बाई, गेलं ते गेलं.”

तर ते येईल. वाच आणि सोडून दे. ताप आता नाही ना?

ताई


१८ मार्च

चिंगे,

आज दवाखान्यात जे झालं ते तुला सांगायला हवं, आणि सांगायचा धीरही होत नाही. म्हणून आधी भांडी घासली, मग कपड्यांच्या घड्या घातल्या, आता दुसरं काही उरलं नाही.

दुपारी पेशंट कमी होते. डॉक्टरबाईंनी तुझी फाइल मागवली. तुझे दोन फोटो त्यांनी शेजारी शेजारी लावले, पहिल्या सिटिंगच्या आधीचा आणि तिसरीनंतरचा. कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला हे पटत नाही. हिच्या खड्ड्यांच्या कडा उतरत्या होत्या, पसरट होते, असे तर सगळ्यात छान भरून येतात. धागे मी स्वतः सोडवले होते. मग इथे पहिल्यापेक्षा खोल कसे दिसतात?” मी कापूस मोजत होते. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “फोटो तुझ्या हातचा आहे ना? मग खरा असणार. माझंच काहीतरी चुकलं.”

पंधरा वर्षांत या बाईंनी ‘माझं चुकलं’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी वहीत लिहूनही ठेवलं, अशा कातडीला ही पद्धत सांगताना सावध राहायचं. संध्याकाळी एक कॉलेजातली मुलगी आली. चेहऱ्याला ओढणी गुंडाळलेली, डोळे तेवढे दिसत होते. गालांवर अगदी तुझ्यासारखे खड्डे. बाईंनी तिला सांगितलं, “बघू, नक्की सांगत नाही.” तिने परत ओढणी गुंडाळली आणि गेली.

चिंगे, तिसऱ्या सिटिंगच्या फोटोच्या दिवशी तू स्क्रीनकडे बघून म्हणालीस, “ताई, काहीच नाही झालं ग.” मी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, “होतं असं काहींच्या बाबतीत. माझंही नाही का असंच झालं?” तेव्हा तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस. बराच वेळ बघितलंस. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला ठाऊक आहे. मला हायसं वाटलं होतं. माझी सख्खी बहीण माझ्यासमोर रडवेली होऊन बसली होती आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला होता.

एवढंच आज लिहिते. एवढं लिहायलाही अर्धी रात्र गेली.

ताई


३० मार्च

चिंगे,

मागच्या पत्रात ‘एवढंच’ लिहिलं. ते एवढंच नव्हतं.

आधी औषधवाल्याचं सांगते. तिसऱ्या सिटिंगनंतर पाच आठवड्यांनी फोटो काढायचा होता, त्याच्या दोन दिवस आधी आपण दोघी त्याच्याकडे गेलो. तो काउंटरवर पुढे वाकून तुझ्याकडे बघत म्हणाला, “धाकट्या बाई, चेहरा काय सुधारलाय तुमचा!” तू लाजून हसलीस. मग माझ्याकडे वळून त्याने अगदी चांगल्या मनाने विचारलं, “मोठ्या बाई, तुम्हाला नाही का लागू पडलं? वेगळी ट्यूब देऊ का?” आणि त्याने दोघींच्या पुड्या वेगवेगळ्या बांधल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा. तू घरी येईपर्यंत गुणगुणत होतीस. रस्त्यात प्रत्येक दुकानाच्या काचेत बघत होतीस, पूर्वी आपण दोघी काचेकडे पाठ करून चालायचो. मी तुझ्या मागे चार पावलं होते. तुला कळलंही नाही.

माझा किती जळफळाट झाला ते काय सांगू. तीन सिटिंगमध्ये तुझं होतं, आठमध्ये माझं होत नाही. सुया माझ्या हातच्या, मलम माझ्या हातचं, घरी जाऊन चेहरा कसा धुवायचा, खपली का काढायची नाही, सगळं मी शिकवलेलं. आणि कातडी मात्र तुझी शहाणी. मला तुझे गाल नको होते, चिंगे. मला तुझे खड्डे तसेच हवे होते. तू बरी झालीस की मागच्या रांगेत मी एकटी. परत चार वर्षं, परत एकटी चाळणी. या वयात मला ते जमलं नसतं.

फोटोच्या खोलीत जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या तीन खुणा आहेत, तू बघितल्या आहेस. एक स्टुलाची, एक कॅमेऱ्याची, एक दिव्याच्या स्टँडची. पहिला फोटो आणि शेवटचा फोटो एकाच उजेडात हवा, म्हणून दिवा कोणी हलवायचा नाही. त्या पट्ट्या पंधरा वर्षांपूर्वी मीच चिकटवल्या. त्या दिवशी तू आत तोंड धुवत होतीस तेव्हा मी स्टँड उचललं आणि पार भिंतीला नेऊन ठेवलं, तुझ्या गालाच्या रेषेत. आडवा दिवा. बाबांचा. तू येऊन बसलीस, मी फोटो काढला, आणि तू टॉवेल ठेवायला वळलीस तेवढ्यात स्टँड परत खुणेवर ठेवलं.

तुझे खड्डे भरत होते. निम्म्याहून जास्त भरले होते. सावल्यांनी ते खोल दिसले, एवढंच. आणि तुला मी आधीच सांगून ठेवलं होतं की आरशावर विश्वास ठेवू नकोस, आरशात सूज फसवते, फोटो खरा. फोटो खरा!

नंतर आठ दिवस तू घरात होतीस. मी रोज ठरवायची, आज सांगते. रोज तुला गरम चहा द्यायची, तुझ्या आवडीचं करायची, आणि सांगायचं राहून जायचं. नवव्या दिवशी ती चिठ्ठी.

मी चार दिवसांपूर्वी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कॅमेऱ्याच्या कपाटाची किल्ली माझ्याकडून मागून घेतली. आता फोटो त्या स्वतः काढतात. त्या ओढणीवाल्या मुलीला त्यांनी फोन करून बोलावलं आणि माझ्यासमोर सांगितलं, “तुझे बऱ्यापैकी भरतील. पूर्ण नाही, पण बऱ्यापैकी.” मला कामावर ठेवलंय. सुया अजून माझ्याकडे आहेत.

आतून कातडी कित्येक महिने काम करत राहते. तू सोडून गेलीस तरी तिने सोडलं नसेल. खिडकीजवळ बस आणि साध्या उजेडात बघ. फरक दिसेल. तो मी चोरला होता, आता परत करते. तू मला माफ करावंस असं मी लिहिणार नाही. तुझ्या जागी मी असते तर केलं नसतं, हे तुला माहीतच आहे.

ताई


२१ एप्रिल

चिंगे,

तुझं पत्र आलं. पोस्टमनने हातात दिलं आणि मी त्याला पाण्याचंसुद्धा विचारलं नाही. दारातच उभी राहून वाचलं. मग आत येऊन वाचलं. मग कारखान्यात जाऊन त्या अर्ध्या चमकणाऱ्या कपाटासमोर बसून वाचलं. आता पाठ झालंय, तरी इथे उतरवून काढते, म्हणजे तू असं लिहिलं नव्हतंस असं पुढे म्हणायला नको.

“ताई, तुझी सहाही पत्रं आली. दिव्याचं मला त्याच दिवशी कळलं होतं. पहिल्या फोटोत नाकाची सावली ओठाच्या कोपऱ्यापर्यंत होती, तिसऱ्या सिटिंगच्या फोटोत ती पार दुसऱ्या गालावर गेली होती. सोळा वर्षं आडवा दिवा धरून लाकूड बघतेय मी. आणि डोळ्यांना एकवेळ फसवशील, बोटांना कशी फसवशील? गाल भरतोय हे मला रोज तोंड धुताना हाताला लागत होतं. मी ‘काहीच नाही झालं’ म्हटलं ते तू काय म्हणतेस ते बघायला. आठ दिवस वाट बघितली. तू चहा देत राहिलीस. खड्ड्यांसाठी मी घर सोडलं नाही, ताई. तू बोलली नाहीस म्हणून सोडलं. आता बोललीस. चौथी सिटिंग बाकी आहे. सुया तूच टोचायच्यास, दुसऱ्या कोणाला मी चेहरा देणार नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात येते. कपाटवाल्या काकांना सांग, दुसरं दार करून देईन.”

म्हणजे मी बाबांची युक्ती चालवली ती बाबांच्या कारागिरावर! मला वाटलं होतं, स्वतःचा चेहरा बघताना कोणाला सावल्या सुचतात? जगात एकाच माणसाला त्या सुचल्या असत्या आणि मी नेमका तिलाच तो फोटो दाखवला. वाचून मला रडू आलं आणि मग हसू आलं आणि मग इतकी लाज वाटली की आरशावर टॉवेल टाकला.

सुया मीच टोचणार म्हणतेस. ज्या हाताने दिवा हलवला त्याच हातात तू गाल देणार. मला हे पेलणार आहे का, माहीत नाही. पण देशील तर नाही म्हणणार नाही. डॉक्टरबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “येऊ दे.” कॅमेऱ्याची किल्ली मात्र परत दिली नाही. बरोबरच आहे.

आता तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीबद्दल, जी मी मघाशी उतरवली नाही. “बरोबर तिथल्या ताईला आणतेय. तिलाही दाखवायचंय. तुला वाटतं तशी ती गुळगुळीत नाही, तिच्या दोन्ही गालांवर आपल्यासारखेच खड्डे आहेत.”

चिंगे, खरं सांगते, ही ओळ वाचली आणि पुन्हा पोटात दुखलं. खड्डेसुद्धा आहेत तिला! म्हणजे इतके दिवस मागच्या रांगेत तू तिच्या शेजारी बसत होतीस. मला वाटलं होतं, एवढं सगळं कबूल केल्यावर हे जळणं संपेल. संपलेलं नाही. ती दारात उभी राहील, तुला ‘अग चिंगे’ म्हणेल, आणि माझा तिळपापड होईल, हे आत्ताच सांगून ठेवते. तिला चहा देईन. गोड बोलेन याची खात्री नाही. पुढच्या खोलीतली गादी तिला, तू माझ्या खोलीत झोपायचं, यावर वाद नको. आणि ती तुला औषध वगैरे देणार नाही, मी आहे.

पण तिचं नाव मी वहीत घालून घेतलंय, तुझ्याच दिवशी, तुझ्यानंतर. ती सुधारली तरी मी जळेन. माझ्याआधी सुधारली तर फारच जळेन. तरीही काल सगळे पेशंट गेल्यावर मी फोटोच्या खोलीत गेले. जमिनीवरच्या जुन्या पट्ट्यांच्या कडा उचकटल्या होत्या, त्या खरवडून काढल्या आणि नव्या पिवळ्या पट्ट्या लावल्या. स्टुलाची, कॅमेऱ्याची, दिव्याची. मग डॉक्टरबाईंना म्हटलं, माझा एक फोटो काढा. आठ सिटिंगनंतर मी तो कधी काढूच दिला नव्हता. दिवा खुणेवर होता.

ये.

ताई